बोटवाले काका

आमच्या सोसायटीत सल्ला देणारे काका तीन. एक शेअरबाजाराचे, एक गुडघेदुखीचे आणि एक बोटीचे. पहिल्या दोघांचं ऐकून कोणाचं काय झालं ते इथे लिहीत नाही, कारण दोघंही रोज लिफ्टमध्ये भेटतात. तिसरे तळमजल्यावर राहतात, त्यांना लिफ्ट लागत नाही, म्हणून त्यांच्याविषयी लिहिते.

काकांची सगळी नोकरी एसटीत गेली. रत्नागिरी विभागातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले आणि मुलाकडे डोंबिवलीला आले. मुलाने हौसेने आईवडिलांना सिंगापूरहून एक क्रूझ घडवली. पुढे मुंबईहून लक्षद्वीपची झाली, भाचीच्या साखरपुड्यानिमित्त गोव्याची झाली. गेल्या डिसेंबरापर्यंत वाऱ्या तीन, रात्री अकरा. एवढ्या भांडवलावर काका आज जगातल्या कुठल्याही जहाजातली कुठलीही केबिन न पाहता नापास करतात.

जहाज, क्रूझ, लायनर हे शब्द काकांना मंजूर नाहीत. सोळा मजले असोत, पोटात चार हजार माणसं असोत, वर पाण्याच्या घसरगुंड्या असोत, ती बोट. कारण लहानपणी ते भाऊच्या धक्क्यावरून ‘कोकणसेवक’ बोटीने गावी जात. तेव्हा केबिन म्हणजे डेकवर घरची ट्रंक आणि तिच्याशेजारी पसरलेली पथारी. बंदर आलं की बोट समुद्रातच उभी राहायची, मग पडावात उतरून किनारा गाठायचा. आजही काही बेटांजवळ मोठ्या जहाजाला धक्का नसतो आणि छोट्या होड्यांतून माणसं उतरवतात. लक्षद्वीपला तसं उतरताना बाकीचे पर्यटक किंचाळत होते आणि काका काकूंना म्हणाले, “बघ, साठ वर्षांत काही बदललेलं नाही. फक्त आता याचे पैसे जास्त घेतात.”

सल्ला मागायला जाताना बोटीचा नकाशा छापून न्यावा लागतो, मोबाइलवर चालत नाही. काका तो जेवणाच्या टेबलावर पसरतात, चारी कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवतात आणि लाल-निळी पेन्सिल काढतात. मग तुमच्या केबिनीवर बोट ठेवून पहिला प्रश्न, “डोक्यावर कोण?”

हा प्रश्न आम्हाला विचारला गेला तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं. घरात माझ्या डोक्यावर सासूबाई आहेत, पण ते त्यांना विचारायचं नव्हतं.

“वरच्या मजल्यावर काय आहे? आणि पायाखाली? वर केबिन, खाली केबिन, मधे तू. असं असेल तर घे. डोक्यावर पोहण्याचा तलाव असेल तर घेऊ नकोस. पहाटे लोक खुर्च्या ओढतात. लोखंडी पाय, लाकडी फळ्या. खाली झोपणाऱ्याला वाटतं, छपरावरून कोणी कपाट सरकवतंय. पायाखाली नाटकगृह किंवा नाचाचा हॉल असेल तर रात्री दीडपर्यंत धमधम पलंगातून वर येते. स्वयंपाकघराच्या वर तर नकोच, तिथे रात्रभर भांडी आपटतात.” यातल्या प्रत्येक वाक्याला नकाशावर एक लाल फुली पडते. पंधरा मिनिटांत अख्खी बोट गोवर झाल्यासारखी दिसायला लागते.

खरं सांगायचं तर काकांचं ज्ञान बोटीचं नाहीच, एसटीचं आहे. केबिन कुठली घ्यावी हे ते असं समजावतात: “गाडीत चाकावर बसलीस तर काय होतं? गुडघे नाकाशी येतात. मागच्या बाकावर बसलीस तर? आंबा घाटात टाळू टपाला लागते. मग मधे बसतो आपण. बोटीचंही तेच. लाट आली की नाक वर, शेपूट खाली. सी-सॉवर मधे बसणाऱ्याला काही कळत नाही, टोकाचे दोघं उडतात. म्हणून मधली केबिन, आणि होईल तेवढी खालची. उंच माडाचा शेंडा हलतो, बुंधा नाही.”

मी नंतर इकडेतिकडे वाचून पाहिलं. शब्दशः बरोबर आहे. ज्याला बोट लागते त्याने मध्यावर आणि खालच्या मजल्यावर राहावं, हे जाणकारही सांगतात, फक्त टाळू आणि टपाचा उल्लेख करत नाहीत. अगदी पुढच्या टोकाला पहाटे बंदरात शिरताना बोट आडवी सरकवणारे पंखे गुरगुरतात, मागच्या टोकाला मुख्य पंख्यांची थरथर. “आणि पोटात आलं ठेव,” काकू मधेच म्हणतात, “आलेपाकाच्या वड्या मी करून देते.” आलेपाक काकूंचा, श्रेय काकांचं. बोट न लागलेल्या प्रत्येक माणसाबद्दल काका सांगतात, “मधली केबिन होती त्याची.”

केबिनीचे मुख्य प्रकार चार. आतली बिनखिडकीची, खिडकीवाली, बाल्कनीवाली आणि ज्यांना सल्ला लागत नाही अशांसाठी स्वीट. काका गिऱ्हाईक पाहून प्रकार ठरवतात. आमच्या विंगमधलं नवं जोडपं बाल्कनीचं विचारायला गेलं, तर काका दोघांकडे चष्म्यावरून बघून म्हणाले, “तुम्हाला समुद्र कशाला बघायचाय? आतली घ्या. मिट्ट काळोख असतो, सकाळ झालेली कळत नाही. वाचलेल्या पैशांत जेवा.” जोडपं लाजून परत आलं आणि आतली घेतली. आतल्या केबिनीत दिवा मालवला की खरोखरच घड्याळाशिवाय दिवसरात्र कळत नाही. ती दोघं पेनांगचं बंदर झोपेत पार करून आली, आणि काकांवर बेहद्द खूश आहेत.

बाल्कनीवर त्यांचा एकच राग, तिथे कपडे वाळत घालू देत नाहीत. “दोन खुर्च्या, एक टेबल, भर समुद्रावरचा वारा, आणि टॉवेल टाकायचा नाही! मग बाल्कनी कसली?” (वाऱ्याने उडून दुसरीकडे जातात, म्हणून मनाई.) त्यावर तोडगाही त्यांचाच. बऱ्याच बोटींत न्हाणीघराच्या भिंतीला एक गोल डबी असते, तिच्यातून दोरी ओढून समोरच्या खुंटीला अडकवायची. ती डबी दिसली की काका तिच्याकडे जुनी ओळख निघाल्यासारखे बघतात. भिंती पोलादी असतात हेही त्यांनीच शोधलं, म्हणून ते बरोबर लोहचुंबकाचे आकडे नेतात आणि टोपी, पिशवी, काकूंची जपमाळ सगळं भिंतीला चिकटवून ठेवतात.

खिडकीवालीत एक मेख असते. स्वस्तात मिळाली म्हणून एका बँकवाल्या कुटुंबाने घेतली आणि पडदा सारला तर समोर केशरी होडी. जीव वाचवायची लाइफबोट तिथेच टांगलेली. समुद्र होता, पण होडीच्या बुडाखालून वीतभर. बँकवाले म्हणाले, चला, प्रसंग आला तर आपण पहिले. काका म्हणाले, “कसले पहिले! तुमची जमायची जागा कार्डावर लिहिलेली असते. ती भलत्याच टोकाला असणार.” होती. जानेवारी 2012 मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची त्या जागी जमायची कवायतच झालेली नव्हती. तेव्हापासून बोट निघण्याआधीच ती उरकतात. काका तिला लग्नाच्या मुहूर्तासारखे वेळेआधी हजर असतात. हल्ली काही बोटींवर अर्धी कवायत मोबाइलवर होते, हे त्यांना मुळीच पसंत नाही.

‘गॅरंटी’ या शब्दाचा मात्र त्यांना तिटकारा आहे. गॅरंटी केबिन म्हणजे पैसे थोडे कमी, प्रकार तुमचा, नंबर कंपनी देईल तो. “म्हणजे वेटिंगच की! नाव गॅरंटी.” कधीकधी वरच्या प्रकारातली केबिन लागते, हे मी धीर करून सांगितलं. काका म्हणाले, “गाडीत शेवटी चढून ड्रायव्हरमागची सीट मिळालेला एक माणूस मला ठाऊक आहे. एकच.”

डावी बाजू की उजवी, यावर अर्धा तास जातो. सकाळच्या रत्नागिरी-मुंबई गाडीत डावीकडे बसायचं, कारण ऊन उजवीकडून येतं, हे ज्याला कळलं त्याला सगळा भूगोल कळला, असं त्यांचं मत. मग पूर्वीचे साहेब येतात. ते विलायतेहून मुंबईला येताना डावीकडची आणि परत जाताना उजवीकडची केबिन घेत, उन्हापासून बचाव म्हणून. या बाजूंसाठीच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर मारत आणि त्यातूनच ‘पॉश’ शब्द आला. शब्दकोशवाले ही व्युत्पत्ती मानत नाहीत, असं एकही तिकीट सापडलेलं नाही, हे मी काकांना सांगून पाहिलं. “शब्दकोशवाले बसले होते का बोटीत?” विषय संपला.

कित्येक बोटींत बाराव्या मजल्यानंतर एकदम चौदावा येतो. तेरा आकडा गोऱ्यांना अशुभ. “आपण बाराव्याला घाबरतो, ते तेराव्याला. कोणाचे तरी दिवस कोणीतरी घालतंच,” एवढं बोलून काकांनी बाराव्यावरही फुली मारली.

केबिन सोडून बाकीचे सल्ले ते चालता चालता देतात, गेटपाशी, गिरणीत, कुठेही. विमान आदल्या दिवशीचं घे. बोटीला हात दाखवून उपयोग नाही, ती एसटी नव्हे. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच उतरायचं असेल तर व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा आत येण्याचा आहे ना, बघ. बोटीत फोन एअरप्लेन मोडवर ठेव, नाहीतर भर समुद्रातलं नेटवर्क पकडून घरी पोचेपर्यंत बिल तयार. टिप माणशी दर रात्रीची खात्यावर चढते, ती तिकिटात धरली आहे का विचार. एकट्याने जायचं तर बहुधा दोघांच्या जवळपास पैसे मोजावे लागतात, म्हणून भांडलेला असलास तरी बायकोला ने. आणि इलेक्ट्रिक कुकर नेऊ नकोस. हे शेवटचं ते दुखऱ्या आवाजात सांगतात. इस्त्री, किटली, कुकर आगीच्या भीतीने चढतानाच काढून घेतात आणि उतरताना परत देतात. पहिल्या वारीत काकूंचा कुकर असा चार रात्री अटकेत होता. मुगाची खिचडी झाली नाही. काकू अजून त्या बंदराचं नाव घेत नाहीत.

गेल्या डिसेंबरात सोसायटीतल्या सात कुटुंबांनी मिळून सिंगापूर-पेनांग-फुकेत ठरवलं. काका-काकू अर्थात बरोबर. सहा कुटुंबांनी काकांच्या पेन्सिलीप्रमाणे मधल्या केबिनी घेतल्या. सातवं कुटुंब आमचं. माझ्या नवऱ्याने नकाशा पाहिला, बुफेचा मजला पाहिला, बरोबर त्याच्या खालच्या मजल्यावरची केबिन घेतली आणि वर सवलतही मिळवली. “जेवायला एक जिना,” तो म्हणाला. डोक्यावर तलाव आहे हे मी दाखवलं. “काका काय, कशालाही फुली मारतात.” काकांना आम्ही केबिन नंबर सांगितलाच नाही.

बोट सुटली. गालिच्यावर विणलेल्या माशांची तोंडं बोटीच्या नाकाकडे असतात, त्यावरून दिशा ओळखायची, हे काका बोळाबोळांतून सगळ्यांना दाखवत फिरले. (“हे बांगडे नव्हेत,” एवढा एकच अभिप्राय काकूंचा.) घड्याळ बोटीच्या वेळेला लावा, किनाऱ्याच्या नको, फुकेतला तासाचा फरक पडतो आणि बोट कोणासाठी थांबत नाही, हेही दारोदार सांगून झालं. रात्री आम्ही झकास जेवलो, एक जिना उतरलो आणि झोपलो.

साडेपाचला डोक्यावरून कोणीतरी कपाट ओढलं.

मग दुसरं ओढलं. थोडं थांबून तिसरं, पण हे ओढून परत मागे नेलं, जागा पसंत पडली नसावी. चौदा कपाटं मी मोजली. पंधराव्याला नवरा उठला, पायजम्यावरच निघाला. त्याचा राग कोणावर निघेल या काळजीने मी मागोमाग.

वर अंधारच होता. तिथे सूर्य सातनंतर उगवतो. ओल्या फळ्यांवर, बोटीच्या उजव्या अंगाला, कठड्याशी आरामखुर्च्यांची लांबलचक रांग लागली होती, स्टँडात गाड्या लावतात तशी तिरकी आणि एकसारखी. प्रत्येक खुर्चीवर घडी केलेला एक पांढरा रुमाल, आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून वर आलेपाकाची एक वडी. रांगेच्या टोकाला माकडटोपी घातलेले काका पंधरावी खुर्ची दोन्ही हातांनी ओढत आणत होते.

“या!” ते म्हणाले. “बोट उत्तरेला चाललीय, सूर्य उजवीकडूनच येणार. चौदा माणसांची सोय केली. नुसते रुमाल टाकून गेलं तर इथली पोरं उचलून ठेवतात, म्हणून मी बसून राहणार आहे. ही पंधरावी सामानाला.”

नवऱ्याच्या तोंडून शब्द फुटेना. काकांनी त्याच्या पायजम्याकडे पाहिलं, विस्कटलेल्या केसांकडे पाहिलं, मग खाली फळ्यांकडे.

“नंबर काय रे तुझ्या केबिनीचा?”

त्याने सांगितला.

काकांनी खुर्ची सोडली, खिशातून घडी घातलेला नकाशा काढला, मोबाइलच्या उजेडात पेन्सिलीने जागा शोधली आणि मान हलवली.

“मी सांगत नव्हतो,” ते म्हणाले, “लोक पहाटे खुर्च्या ओढतात म्हणून?”