'टू' आणि 'इंग' यांच्या सोयरिकीचे शास्त्र

इंग्रजी वाक्यात एका क्रियापदापाठोपाठ दुसरे क्रियापद आले की दुसऱ्याला मूळ रूपात वावरण्याची मुभा सहसा राहत नाही. त्याला एकतर आपल्या अगोदर 'टू' घेऊन यावे लागते किंवा शेवटी 'इंग' जोडून घ्यावे लागते. पहिल्या रूपास इन्फिनिटिव्ह म्हणतात. दुसरे रूप क्रियापदापासून निघालेले असूनही वाक्यात नामाची कामे करते, म्हणून त्यास जेरंड अशी संज्ञा आहे. यांपैकी कोणते रूप घ्यावे हे ठरवण्याचा अधिकार बोलणाऱ्याकडे नसून पहिल्या क्रियापदाकडे असतो. 'वॉन्ट', 'होप', 'डिसाइड' या घराण्यांना 'टू'च चालतो; 'एन्जॉय', 'अव्हॉइड', 'फिनिश' यांच्याकडे 'इंग'वाचून पान हलत नाही; आणि 'बिगिन', 'स्टार्ट' अशी काही उदारमतवादी मंडळी दोन्हीकडे सोयरीक जुळवतात. पत्रिका न पाहता ठरवलेला संबंध वाक्यात टिकत नाहीच, वर तो जुळवणाऱ्याचे शिक्षण कोणत्या माध्यमात झाले याची चौकशी सुरू होते.

या निवडीमागे शास्त्र आहे, असे जाणकार सांगतात. 'टू' अद्याप न घडलेल्या गोष्टीकडे पाहतो आणि 'इंग' घडलेल्या, अनुभवलेल्या गोष्टीकडे, असा त्याचा सारांश असून अमेरिकन भाषावैज्ञानिक ड्वाइट बोलिंजर यांनी १९६८ मध्ये याच अंगाने मांडणी केली होती. इतिहासही तिला अनुकूल आहे, कारण जुन्या इंग्रजीत 'टू' हे दिशा दाखवणारे अव्यय होते, तर 'इंग'चा पूर्वज असलेला प्रत्यय धातूंपासून नामे घडवीत असे. 'रिमेंबर टू लॉक' म्हणजे कुलूप लावण्याची आठवण ठेवणे आणि 'रिमेंबर लॉकिंग' म्हणजे कुलूप लावल्याचे आठवणे. या दोहोंमधल्या अंतरापायी असंख्य गृहस्थांना दोन जिने उतरून पुन्हा वर जावे लागते.

सिद्धान्त निर्दोष आहे. इंग्रजी भाषा त्याला जुमानत नाही, एवढेच. 'पोस्टपोन'नंतर येणारे काम झालेले नसते, किंबहुना ते इतक्यात होऊ नये हीच त्या क्रियापदाची धडपड असते, तरीही ते 'इंग' लावून झाल्यासारखे मिरवते. उलट 'मॅनेज'च्या भूतकाळात काम फत्ते झालेले असूनही त्याच्या वाट्याला होऊ घातलेल्याचा 'टू' येतो. सरकारी कचेऱ्यांशी परिचय असलेल्या वाचकास यांपैकी पहिल्या प्रकाराचे नवल वाटू नये.

कचेऱ्यांची सोय पाहण्यात इंग्रजी व्याकरण एरवीही तत्पर आहे. 'रिग्रेट टू इन्फॉर्म' यात दिलगिरी अगोदर येते आणि वाईट बातमी मागून. 'रिग्रेट इन्फॉर्मिंग' यात बातमी कळवून झाल्यावर पश्चात्ताप होतो. नकाराची पत्रे पहिल्याच रूपात निघतात, कारण खेद अगोदर नोंदवून ठेवला की नंतर तो वाटण्याचे प्रयोजन उरत नाही. 'मेक' या क्रियापदाची तऱ्हा आणखी न्यारी आहे. 'द बॉस मेड हिम साइन' या वाक्यात सही करायला लावणारा साहेब हजर असेतो 'टू' तोंड दाखवत नाही. 'ही वॉज मेड टू साइन' असा कर्मणी प्रयोग करून साहेब अदृश्य झाला की तो निर्धास्तपणे पुढे येतो.

उमेदवाराची खरी कसोटी 'लुक फॉरवर्ड टू' येथे लागते. येथला 'टू' हा इन्फिनिटिव्हचा नसून त्याचा तोतया, म्हणजे साधे शब्दयोगी अव्यय आहे, आणि म्हणून त्याच्यामागून 'हिअरिंग'च यावे लागते. हे नियम सनातन आहेत, असेही नव्हे. एकोणिसाव्या शतकात 'ॲकस्टम्ड टू डू' लिहिणारे इंग्रज ग्रंथकार सुशिक्षित समजले जात, आज तसे लिहिणारा परीक्षार्थी गुण गमावतो.

महाराष्ट्रात हे ज्ञान मुख्यतः रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने घरोघर पोहोचवले. त्यांपैकी पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीस होते, आणि त्यांची कीर्ती फ्रेंच फॉरिन लीजनच्या कडक शिस्तीचे चित्रण करणाऱ्या 'बो जेस्ट' या १९२४ च्या कादंबरीवर उभी आहे. तेव्हा त्यांच्या व्याकरणाच्या धाकात पिढ्यानपिढ्या रिकाम्या जागा भरत राहिल्या, यात विसंगत असे काही नाही.

वस्तुतः मराठी क्रियापदेही सोयरिकीच्या बाबतीत कमी चोखंदळ नाहीत. मराठी माणूस 'करू' इच्छितो, त्याला 'करायला' आवडते, तो 'करायचे' ठरवतो आणि अखेरीस 'करणे' टाळतो. 'करू टाळतो' असे शाळेत न गेलेले मूलही म्हणत नाही, आणि ते तसे का म्हणत नाही, हे त्याच्या पदवीधर आईवडिलांनाही सांगता येत नाही. इंग्रज मुलाचीही कथा हीच. दोघांनी याद्या घोकलेल्या नसतात, वाक्ये ऐकलेली असतात. यादीची गरज बोलणाऱ्याला नसून परीक्षकाला असते, आणि 'करू' व 'करणे' यांतला भेद ओळखण्यावर परदेशात कोणाचाही व्हिसा अडलेला नसल्याने त्यावर शिकवणी वर्ग निघालेले नाहीत. मराठीला व्याकरण असे फारसे नाहीच, हा सुशिक्षितांचा समज केवळ या एका पुराव्यावर उभा आहे.