पेल्यातला गाळ कुणाचा?

"काकू, हे असलं पाणी तुम्ही पोरांना पाजता?" असं म्हणत पाणी शुद्ध करायचं आरओ मशिन विकायला आलेल्या पोरानं पेला माझ्या बहिणीच्या तोंडासमोर धरला. पाणी गंजासारखं तपकिरी झालं होतं, वर शेवाळी साय धरली होती. शेजारच्या पेल्यात त्याच्या मशिनचं पाणी होतं, आरशासारखं लख्ख. दोन्ही पेल्यांत त्यानं एकच यंत्र बुडवलं होतं. चार कांड्या आणि एक वायर, बस्स. नगरच्या सावेडीतल्या त्या स्वयंपाकघरात ताईचा चेहरा खर्रकन उतरला.

मी म्हटलं, "ताई, मिठाची बरणी दे."

लख्ख पेल्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळलं आणि त्याला सांगितलं, आता परत बुडव. तो नको नको म्हणत होता, पण ताईनंच बटण दाबलं. दोन मिनिटांत मशिनचं "शुद्ध" पाणीही तपकिरी झालं.

तो रंग पाण्यातला नसतोच, कांड्यांच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. मशिनच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, मग वीज कशी वाहणार? पेला तसाच राहतो. म्हणजे नळाच्या पाण्यात क्षार आहेत, एवढंच त्या प्रयोगातून कळतं. पाणी घाण आहे, हे त्यातून अजिबात सिद्ध होत नाही. त्या पोरावर माझा राग नाही. बावीस वर्षांचा असेल, शिकवलं तसं बोलत होता. राग आहे तो आईच्या मनातल्या भीतीवर माल विकायला शिकवणाऱ्यांवर.

ताईची तक्रार मात्र खोटी नाही. स्टीलच्या पिंपाला पांढरी कड धरलीय. शॉवरची निम्मी भोकं बुजलीत. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ कचकच लागते. साबण झिजतो, फेस येत नाही. हे जड पाणी. पण ते नळातून येतं कुठून?

नगरचं पाणी मुळा धरणाचं. धरणातून विळदला येतं, तिथून वसंत टेकडीवर चढतं आणि मग घरोघर उतरतं. ते मुख्यतः पावसाचं, नदीतून वाहून आलेलं. बोअरचं पाणी वेगळं. ते काळ्या पाषाणाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. ताईच्या सोसायटीत नळ दिवसाआड येतो, म्हणून खालच्या टाकीत बोअर सोडतात. टाकी एकच, तोंडं दोन. मी स्वतः झाकण उचलून पाहिलं. एका पाइपातून मुळेचं पाणी पडतं, दुसऱ्यातून जमिनीचं, आणि वर चढतं ते मिसळलेलं. धरणापासून इतकी यातायात करून आणलेलं गोडं पाणी आपण आपल्याच हातानं जड करतो, आणि मग ते हलकं करायला मशिन घेतो!

त्यात हे मशिन एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात! ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथं आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच सांगितलं होतं. जिथं निव्वळ बोअरवरच भागवावं लागतं, तिथं आरओ लागेलही. पण आधी मोजा तरी.

आणि मोजायचं म्हणजे काय? खिशातलं टीडीएसचं पेन फक्त क्षारांचा अंदाज देतं, जंतू त्याला दिसत नाहीत. जडपणाची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेनं तर जडपणासाठी आरोग्याची मर्यादा ठरवलेलीच नाही. जड पाण्यानं डाळ बिघडते, त्याच्या पांढऱ्या थरानं भांडी खराब होतात, गिझर जातो. तो थर लिंबू किंवा व्हिनेगर लावून घासला तर निघतो. (तुरटी फिरवून जडपणा जात नाही, तिनं फक्त गाळ बसतो.)

भीती वाटायला हवी ती न दिसणाऱ्या गोष्टींची. नळ बंद असतो तेव्हा पाइप रिकामा पडतो, आणि कुठं जोड गळका असला, शेजारून गटार जात असलं, तर ती घाण आत ओढली जाते. बोअरच्या जवळ जुना शोषखड्डा असला तर नायट्रेट मुरतं. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि तिथं मानक कसलीही सूट देत नाही, कारण तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू त्यानं कमी होतो. पाणी उकळलं की जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटलं की ते उलट दाट होतं. यातलं काहीही पेला तपकिरी करून कळत नाही.

आपल्याच राज्यात ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात. गावचा जलसुरक्षक पाण्यात क्लोरीन उतरलंय का ते तपासतो. नगर तालुक्यातलंच हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडतं. मग वीस-पंचवीस लाखांचा फ्लॅट घेतलेल्या माणसाला आपल्या टाकीचा रंग कोणता, हे का माहीत नसावं? ताईच्या सोसायटीच्या फलकावर पार्किंगचे नियम आहेत, थकबाकीदारांची यादी आहे, लिफ्टच्या देखभालीची तारीख आहे. पाण्याच्या तपासणीचा एक कागद नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. ताईनं दोन बाटल्या भरल्या: एक बोअरच्या तोंडाशी, एक नळाचं पाणी आलं तेव्हा थेट पाइपाखाली धरून. टाकीतली मुद्दाम भरली नाही, कारण मिसळलेल्या पाण्याच्या निकालावरून कोणत्या पाण्यात काय आहे ते कळत नाही. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लागते, ती वेगळी मागायची आहे.

मशिन घेतलं नाही. त्या पोराला चहा दिला. जाताना त्यानं विचारलं, "दादा, ते मिठाचं आमच्या साहेबांना माहीत असेल का?" मी म्हटलं, विचार त्यांना.

रविवारी सोसायटीची बैठक आहे. विषयपत्रिकेत ताईनं एकच ओळ घालायला लावलीय: बोअरचा पाइप पिण्याच्या टाकीतून काढून संडास-बाथरूमच्या वेगळ्या टाकीला जोडणे. प्लंबरनं खर्च काढून दिलाय. मशिनच्या किमतीत दोन मजल्यांचं काम होतं.