मुके मेंबर

जळगावातल्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपात डोकावा. गल्लीचा असो, भाऊबंदकीचा असो की केळीवाल्यांचा, बोलणारे तेच सहा-सात. एक सुप्रभातवाला, एक पक्षवाला आणि त्या पक्षवाल्याला रोज डिवचणारा एक. बाकीचे दीडदोनशे भिंतीला टेकून ऐकत बसलेले. जेकब निल्सन या वेबतज्ज्ञाने २००६ मध्येच हिशेब मांडला होता: शंभरातले नव्वद नुसते बघतात, नऊ अधूनमधून तोंड उघडतात, एकच बडबडतो. निल्सनसाहेब रावेरला आले असते, तर त्यांना एक रकाना वाढवावा लागला असता: ग्रुपवर मुका, पारावर वक्ता.

कारण हा मेंबर वाचतो सगळं. बऱ्हाणपूरला केळीचा भाव काय निघाला ते त्याला पाठ. मळ्यात भरीत पार्टी बसली की कोणी काय टाकलं, कोणी घाईघाईने डिलीट केलं, याची उजळणी तोच करतो, तीही स्क्रीनशॉट दाखवत. मग तिथेच का नाही बोललास? ‘आपल्याला काय करायचंय भो!’

धुळे जिल्ह्याला हे वाक्य फार महागात पडलंय. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय ही अफवा मोबाइलवरून आधीच गावोगाव पोचलेली. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मारणाऱ्यांवर खटला भरता येतो. अफवा वाचून ‘खोटंच असणार’ असं मनात म्हणत फोन खिशात टाकणाऱ्यांना कुठलं कलम लावणार? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल, असं जाहीर केलं. ढकलणाऱ्याचा हात असा थोडा बांधला गेला, गप्प बसणाऱ्याला मात्र अजून खुली सूट आहे.

आजही कोणी धीर करून ग्रुपवर लिहितो, ‘व्हिडिओ जुना आहे, पसरवू नका.’ ग्रुप चिडीचूप. दहा मिनिटांनी त्याच्या खासगी चॅटवर एकेक जण उगवतो: ‘बेस कयं भाऊ, मना मनमा बी तेच व्हतं!’ ग्रुपवर टाका ना मग आप्पा, म्हटलं की दोन निळ्या टिका येतात. आप्पा येत नाहीत.