अंबाडीचा चौथा रविवार

आमच्या आणि अक्काच्या अंगणामध्ये छातीएवढी भिंत आहे. घर बांधताना सहा फुटांची करायचं ठरलं होतं, पण ऐन वेळी सिमेंट संपलं आणि पुढं कुणी मनावर घेतलं नाही. बरंच झालं. बीदर जिल्ह्यातल्या भालकीतल्या आमच्या गल्लीच्या निम्म्या बातम्या या भिंतीवर कोपर टेकूनच पिकतात.

ही बातमी दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली. अक्कानं हाक मारली, "बाई, काय करूलालीस? इकडं ये जरा." आवाज खाली आला की समजायचं, माल ताजा आहे.

"त्या बँकवालीकडं दर ऐतवारी एक माणूस येतोय. मोपेडवर. पिशवी ठेवून जातोय."

"भाजीवाला असेल, अक्का."

"भाजीवाला वजन करतो, वरडतो, चार रुपयांसाठी हुज्जत घालतो. ह्यो पिशवी दारात ठेवतो, ती एक पैसा देत न्हाई, आन् वर च्या पाजती. तीन ऐतवार बघितले मी."

पुढचं अक्कानं बोलून दाखवलं नाही, फक्त भुवई वर केली. बँकेतली बाई, शेतकरी माणूस, फुकटची भाजी. म्हणजे कर्जाची फाईल. दुपारपर्यंत गल्लीच्या टोकापर्यंत ते पोचलं. किराणावाल्यानं त्यात पीक कर्जाची रक्कमही भरून टाकली होती.

मला राहवेना. संध्याकाळी दळणाच्या निमित्तानं गेले आणि आडवळणानं विचारलं. ती बाई पुण्याकडची, बदलीनं आलेली. पोट धरून हसली आणि कपाटातून शंभर पानी वही काढून दाखवली. ज्येष्ठात, पेरणीच्या आधी, पाच घरांनी मिळून कारंजा नदीच्या बाजूच्या एका शेतकऱ्याला पैसे दिले होते. घरटी 3,500 रुपये. त्या बदल्यात आषाढाच्या मध्यापासून दर रविवारी शेतात जे निघेल त्याचा वाटा, अशा 16 पिशव्या. आणि संक्रांतीनंतर पाच किलो तुरीची डाळ. भाजी कुठली, किती, हे शेतानं ठरवायचं. आपण मागायचं नाही.

मी भिंतीवर येऊन हे सांगितलं तर कर्जाच्या फाईलपेक्षा अक्काला याचाच धक्का जास्त बसला.

"पेरायच्या आधी पैसे? आन् त्यो पळून गेला तर?"

"शेत घेऊन कुठं पळणार, अक्का?"

अक्का क्षणभर गप्प झाली. मग बोटांवर हिशोब करून म्हणाली, "डाळ बाजूला धर. एक पिशवी 219 रुपयांला पडली. गंजात मी पिशवी भरून आणते 120 मध्ये." अक्काची शाळा चौथीपर्यंत झाली आहे, पण भागाकार तिला कुणी शिकवायला नको.

गंज म्हणजे आमच्याकडची बाजारपेठ. पलीकडं लातूर-उदगीरला तिलाच मोंढा म्हणतात. या गंजाची गोष्टही वहीतल्या हिशोबात होती, ती बँकवालीनं नीट सांगितली. शेतकऱ्याला पैसा लागतो मिरगाला: बी, खत, नांगरट. हातात तेव्हा दमडी नसते. मग तो आडत्याकडून उचल घेतो, आणि ज्याची उचल त्याच्याच दुकानात माल घालावा लागतो. भाव तिथं जो फुटेल तो. या पाच घरांनी काय केलं, तर आडत्याच्या उचलीची जागा घेतली. फरक एवढाच की आडत्या व्याज धरतो आणि ही घरं अंबाडी धरतात.

अंबाडीचं पुढं सांगते.

अशा हिश्श्यांची पद्धत बाहेर जुनी आहे. जपानात 1970 च्या आसपास शहरातल्या गृहिणींनी खाण्यात उतरणाऱ्या फवारणीच्या औषधांच्या भीतीनं शेतकऱ्यांशी थेट बोलणी केली, त्याला ते तेईकेई म्हणतात. अमेरिकेत 1986 मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांनी सुरुवात केली. माझी भाची न्यू जर्सीला असते, तीही असा 'शेअर' घेते. तिच्या पेटीत एका उन्हाळ्यात इतके नवलकोल आले की तिनं त्यांचं थालीपीठ, कोशिंबीर, सांबार सगळं केलं आणि शेवटी शेजारच्या गुजराती बाईंच्या दारात दोन ठेवून बेल वाजवून पळाली. मुंबईत 'हरी भरी टोकरी' या नावानं हंगामाचे पैसे आधी घेऊन टोपली देणं चालायचं. आणि लांब कशाला, बीदरहून तासाभरावर जहीराबादजवळच्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या बायका 1980 च्या दशकापासून ज्वारी, बाजरी, राळं, डाळी एकाच रानात मिसळून पेरतात आणि बी घरात मडक्यात राखतात. 2019 मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. दरवर्षी जानेवारीत बी-बियाण्यांनी सजवलेल्या बैलगाड्यांची त्यांची जत्रा निघते.

हे सगळं अक्काला सांगितल्यावर ती म्हणाली, "ह्यात नवं काय? आमच्या घरी खळ्यावर रास झाली की आधी सुतार, लोहार, न्हावी, कुंभार, सगळ्यांचं काढून ठेवायचे. मग धान्य घरात. दमडी न्हाई द्यायची कुणाला."

खरं आहे, पण अर्धंच. बलुतं घेणाऱ्याला किती मिळायचं हे घेणारा ठरवत नव्हता. कुणी खळ्याच्या कडेला उभं राहायचं आणि कुणी राशीजवळ बसायचं, हे जातीनं ठरलेलं. दया पवारांनी 1978 साली आपल्या आत्मकथनाचं नाव 'बलुतं' ठेवलं, ते काही त्या पद्धतीच्या कौतुकानं नव्हे. आमची पाच घरं पैसे मोजून, वही लिहून वाटा घेतात आणि नको असेल तर पुढच्या वर्षी सोडून देतात. सुताराला 'यंदा नको' म्हणायची सोय नव्हती. अक्काला हे म्हटलं तर ती म्हणाली, "बरं बरं, मास्तरीण," आणि आत निघून गेली. दोन दिवस भिंतीवर कोपर आलं नाही.

तर गेल्या ज्येष्ठात मीही 3,500 भरले.

पहिल्या रविवारी पिशवीत शेपू, कोवळी मेथी आणि अंबाडी. दुसऱ्या रविवारी अंबाडी, चार दोडके. तिसऱ्या रविवारी भेंडी आणि अंबाडी. चौथ्या रविवारी पिशवी उघडायच्या आधीच पिशवीतून लाल देठ बाहेर आलेले दिसले आणि आमचे हे पेपर तोंडासमोर धरून बसले. आमच्याकडं अंबाडी आवडीनं खातात, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. पण सलग चौथ्यांदा? मी निम्मी जुडी भिंतीवरून अक्काला दिली. तिनं घेतली, वर ऐकवलं, "219 रुपयांची पुंडी. जपून खाते हं."

पुंडी म्हणजे अंबाडीच. अक्काचं माहेर आळंद तालुक्यातलं, घरी कन्नड, बाहेर मराठी, भांडताना दोन्ही. भाजीच्या नावांचा आमच्याकडं असाच गोंधळ. रविवारी काय येणार याची यादी शेतकऱ्याची मुलगी शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर टाकते, आणि टाकते कन्नड नावं. एकदा यादीत 'चवळीकाई' होतं. बँकवालीनं चवळीच्या शेंगांची उसळ करायची म्हणून ओलं खोबरं आणून ठेवलं, आणि पिशवीतून निघाली गवार. आमच्या भागात कन्नडमधली चवळी म्हणजे गवार. बिचारी फोन करून तक्रार करणार होती. अक्कानं भिंतीवरून ऐकलं आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की ठसका लागला.

भाद्रपदात पावसानं धरलं. आठ दिवस सूर्य नाही. मांजरा नदी फुगली, ओढे उलटे चढले, शेताची वाट गेली. एक रविवार पिशवी नाही. दुसरा रविवारही नाही. अक्का तयारच होती. "आता 14 पिशव्या. बरोब्बर 250 ला एक."

"दासोहाची सवय आहे तुम्हा लोकांना," मी म्हटलं, "जरा सोसा की." बसवकल्याण इथून जवळ. बसवण्णांचा दासोह, म्हणजे आपल्या कमाईतला वाटा समाजाला देणं, अक्काच्या घरात रोजच्या बोलण्यात असतो.

"दासोह येगळा. तिथं देणारा हिशोब ठेवत न्हाई. ह्यो सौदा हाय, सौद्यात हिशोब मी ठेवणार."

पाऊस उघडल्यावर आम्ही दोघी-तिघी शेतावर गेलो. शेतकऱ्याच्या बायकोनं उडदाच्या ओळीत नेलं. झाडं उभी होती, शेंगाही काळ्या भरलेल्या, लांबून काही झालंय असं वाटेना. तिनं एक शेंग तोडली आणि अंगठ्याच्या नखानं उसवली. आत एकेका दाण्याला पांढरी शेपटी फुटलेली. शेंगेतच मोड आले होते. तिनं दुसरी उसवली, तिसरी उसवली. प्रत्येकीत तेच. मग हात झटकून म्हणाली, "तुमचं बी गेलं, आमचं बी." ना गयावया, ना माफी. मला पैसे परत मागायचे नव्हतेच, पण ती तशी बोलली म्हणून फार बरं वाटलं. येताना तिनं बांधावरची घोळ आणि तांदुळजा उपटून पदरात घातला. वहीत त्याची नोंद नाही.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा अक्का नेहमीसारखी बोलली नाही. तिच्या भावाची आळंदकडं वीस एकर तूर असते. सगळी तूरच. 2022-23 च्या हंगामात कलबुर्गी भागात तुरीला मर रोग लागला, तिकडं त्याला नेटे रोग म्हणतात. फुलं-शेंगा धरलेली झाडं उभ्या उभ्या वाळून गेली. भावाच्या रानात तेव्हा दुसरं काही नव्हतंच. "ह्या माणसाचं उडीद गेलं," अक्का हळूच म्हणाली, "पर भेंडी हाय, दोडका हाय, तूर उभी हाय न्हवं का?" मी हो म्हटलं. तिनं मान हलवली आणि त्यावर पुढं काही बोलली नाही. ही तिची पहिली माघार.

दुसरी माघार येळवशीला. मार्गशीर्षातली अमावास्या. 1956 साली जुन्या बीदर जिल्ह्याची फाळणी झाली, उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं, आताच्या महाराष्ट्रात, आणि भालकी, औराद, हुमनाबाद इकडं, कर्नाटकात. पण या अमावास्येला दोन्हीकडची गावं ओस पडतात आणि रानं माणसांनी भरतात. तिकडं वेळ अमावास्या, अक्काच्या माहेरी येळ्ळ अमावास्या, आमच्यात येळवस. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. त्या दिवशी शेतकऱ्यानं सगळ्या वाटेकऱ्यांना बोलावलं आणि मी अक्काला ओढून नेलं.

कडब्याची खोप, आत पांडव म्हणून मांडलेले दगड, मातीच्या मडक्यात आंबील. आणि भज्जी. लातूर-बीदर पट्ट्याबाहेरच्या माणसाला भज्जी म्हणजे कांदाभजी वाटतात. ही पातेल्यातली भाजी: तुरीचे हिरवे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वालाचे दाणे, पालेभाज्या, गाजर, सगळं ताकात कालवलेल्या बेसनात शिजवलेलं, सोबत बाजरीचे उंडे. अक्का भज्जीच्या पातेल्यापाशी गेली, पळीनं ढवळून पाहिलं आणि शेतकऱ्याच्या बायकोला कन्नडमधून विचारलं, यात किती जिन्नस तुमच्या रानातले? ती बोटं मोजत गेली. बेसनाचा हरभराही घरचाच. मीठ तेवढं विकतचं. मग दोघी मिळून रानात आंबील शिंपडत चालत गेल्या. अक्का त्याला चरग म्हणते. मला त्यांनी बोलावलंच नाही.

तरी अक्का अशानं हरणारी नाही. तिला हरवलं डाळीनं. माघात पाच किलोची पिशवी आली. अक्कानं चिमूटभर हातात घेतली, उजेडात धरली, दोन दाणे दाढेखाली फोडले. आळंदची बाई, तुरीत वाढलेली. गुलबर्ग्याच्या, म्हणजे कलबुर्गीच्याच, तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिनं असं सांगितलं होतं जणू तिच्या वडिलांचा सत्कार झाला. "पॉलिश न्हाई," ती म्हणाली. "टरफल थोडं हाय. क्विंटलाला 70 किलो बी पडली नसंल डाळ." वाटीभर घेऊन गेली. तासाभरानं भिंतीवर तीच वाटी परत, आत वरण, वर तुपाचा थेंब. काही बोलली नाही. कुकरच्या शिट्ट्या मात्र मी मोजल्या होत्या, दोनच झाल्या.

यंदा मिरगाच्या आधी बँकवालीची वही फिरायला लागली. एका घरानं वाटा सोडला, त्यांना दर रविवारी बटाटे हवे होते. मी पैसे मोजत ओट्यावर बसले होते तर भिंतीवर कोपर आलं. मग पदराच्या गाठीतून नोटा.

"1,750 हायत. अर्धा वाटा लिही माझा."

"अर्धा कसा लिहायचा, अक्का?"

"तुझ्या पिशवीतला न्हवं. त्या सोडलेल्या घरातला अर्धा मला, अर्धा खालच्या गल्लीतल्या माझ्या नणंदेला. बोलणं झालंय आमचं." म्हणजे ही बातमी गल्लीत माझ्याआधी फिरून आली होती. "आन् एक सांग त्या माणसाला. पुंडी पेर म्हणावं, पर दोन काकऱ्याच."

"मागायचं नसतं, अक्का. ठरलंय तसं."

"मागत न्हाई. सांगूलालाव."

नोटा माझ्या हातात देऊन ती आत जायला वळली, आणि थांबली. पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं, वारा सुटला होता, पण थेंब काही पडेना. अक्का डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिली.

"गेलं बघ," ती चिडून म्हणाली, "सगळं उदगीरकडं गेलं."