वरचा रुपया

निधीकाका कधीच पैसे मागत नाहीत. पैसे मागणारा माणूस परवडतो. त्याला ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून दारातूनच वाटेला लावता येतं. निधीकाका कल्पना घेऊन येतात, आणि कल्पनेला आत बोलावून चहा द्यावा लागतो.

त्यांचं खरं नाव सोसायटीच्या दप्तरात असेल, तोंडात कुणाच्या नाही. साठी ओलांडलेली, खिशाला दोन पेनं, काखेत पावतीपुस्तक. हा गृहस्थ प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक ज्ञातिमंडळात, वाचनालयाच्या प्रत्येक कार्यकारिणीत एकेक नेमून दिल्यासारखा असतोच. ‘वर्गणी’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. ‘सहभाग’ म्हणायचं. आणि सहभागाचा आकडा गोल नसतो. पाचशे एक, नाहीतर हजार एक. शून्यावर हिशेब मिटतो, एकावर चालू राहतो, असं त्यांचं शास्त्र आहे.

लोक मोबाइलवरून पैसे पाठवायला लागले आणि हे शास्त्र धोक्यात आलं. माणूस घाईत पाचशे पाठवून मोकळा होतो. रात्री साडेनऊला बेल वाजते. दारात काका. ‘रुपया राहिला.’ सुटा नाही म्हटलं की काका म्हणतात, ‘शोधा सावकाश, मी बसतो.’ आणि खरंच बसतात. एका बिऱ्हाडाची नाशिकला बदली झाली, सामानाचा टेंपो फाटकाशी आला, तर पुढे काका उभे. बिऱ्हाडाला भरून आलं, निरोप द्यायला आले म्हणून. निरोप दिलाही त्यांनी. आधी रुपया घेतला.

कल्पनांमध्ये आनंदमेळा ही सर्वांत जुनी. त्याचं अर्थशास्त्र असं, की ए विंगच्या वहिनी साबुदाणा वडे करणार, बी विंगच्या वहिनी ते खाणार, बी विंगच्या वहिनी भेळ करणार आणि ए विंग ती खाणार. नोटा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतात. वड्यांच्या स्टॉलवर नवरा, दोन मुलं आणि सासूबाई ‘चव बघून’ जातात आणि संध्याकाळी वहिनी हिशेबाला बसल्या की तेलाचा डबा नफ्याच्या वर निघतो. काका खूश. ‘पैसा सोसायटीतच राहिला ना?’

मग त्यांनी मुंबई मॅरेथॉनबद्दल वाचलं. २००४ साली सुरू झालेल्या या शर्यतीत धावणारे लोक सामाजिक संस्थांसाठी देणग्याही गोळा करतात, हे कळल्यावर काकांना रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीला. ‘चालाल तितकं द्या’ असा कार्यक्रम ठरला. चालणाऱ्याने आपला पुरस्कर्ता शोधायचा. त्याने आवारातल्या दर फेरीमागे दहा रुपये द्यायचे. डी विंगमधल्या एका हिशेबी गृहस्थांनी चतुराईने तळमजल्यावरचे आजोबा निवडले. गुडघ्याला पट्टा, हातात काठी, फार तर चार फेऱ्या. आजोबा निवृत्त पोस्टमन आहेत, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. पंधराव्या फेरीला गृहस्थ लिंबू सरबत घेऊन आडवे गेले. तिसाव्या फेरीला खुर्ची. ‘बसा हो आता, वयाचा विचार करा.’ आजोबा सरबत पिऊन पुढे निघाले आणि एक्केचाळीसला थांबले. चारशे दहा रुपये मोजून घेताना काकांनी हात पुढे तसाच ठेवला. गृहस्थांनी न बोलता वरचा रुपया काढला.

लकी ड्रॉची कल्पना मात्र खजिनदारांनी जागीच गाडली. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. कायदा त्यांना मुखोद्गत. लॉटरी चालवण्याचा अधिकार सरकारचा, महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून आहे, ज्यांना नशीब काढायचंय त्यांनी तिचं तिकीट काढावं. शिवाय बाहेरच्या लोकांकडून निधी गोळा करायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क बघा. काकांनी शांतपणे ऐकलं. ‘मग नशीब काढून टाकू,’ म्हणाले. ‘सगळ्यांनाच बक्षीस.’ एकावन्न रुपयांचं तिकीट काढलेल्या प्रत्येकाला राजगिऱ्याची वडी मिळाली. निकाल जाहीर करण्याचा समारंभ तरीही दोन तास चालला.

काका मुलीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहायला गेले, तेव्हा सोसायटीने सुटकेचा श्वास सोडला होता. पण काका तिथल्या मराठी मंडळात जाऊन ‘मुका लिलाव’ शिकून आले. वस्तू टेबलावर मांडायची, पुढे कागद ठेवायचा, ज्याने त्याने येऊन गुपचूप नाव आणि आकडा लिहायचा. तिकडची माणसंसुद्धा एकावन्न डॉलर, एकशे एक डॉलर लिहितात, हे सांगताना त्यांचा आवाज कापरा झाला. वरचा एक सातासमुद्रापार टिकला होता.

सोसायटीतला मुका लिलाव पाच मिनिटं मुका राहिला. सी विंगचे एक मालवणी गृहस्थ बराच वेळ चुळबुळत होते. गोव्यात आणि तळकोकणात देवळाच्या उत्सवात देवापुढच्या नारळाची, केळीच्या घडाची पावणी होते ती भर मांडवात, खड्या आवाजात. एकेका नारळासाठी दोन घराणी इरेला पेटतात. तिथे वाढलेल्या माणसाने जुन्या पेटीसाठी कागदावर बारीक अक्षरात तीनशे रुपये लिहायचे म्हणजे काय? ‘चारशे!’ ते ओरडले. पलीकडून पाचशे आलं. पेटी सतराशे एकला गेली. तिचे तीन सूर वाजत नव्हते. घेणाऱ्याला पेटी वाजवता येत नव्हती, त्यामुळे तक्रार आली नाही.

नाही म्हणणाऱ्यासाठी काकांकडे इतिहास आहे, आणि तो ते गॅसवर आमटी असलेल्या माणसालाच सांगतात. अंताजी दामोदर काळे गावोगाव फिरून माणशी एक पैसा मागत. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांतल्या मुलांसाठी घरोघरच्या बायका मूठ मूठ धान्य बाजूला काढून ठेवत. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारखी मंडळी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसे उभे करत. एवढं होईपर्यंत आमटी करपते आणि समोरचा माणूस पाचशे एक देऊन मोकळा होतो. आमटी पैसा फंडाच्या खाती जमा.

हे सगळं करून जमतं किती? खजिनदारांच्या मते, खुर्च्यांचं भाडं वजा जाता, मोजायला बसण्याच्या लायकीचं नाही. सरळ घरटी हजार घेतले असते तर एका संध्याकाळीत काम झालं असतं. खजिनदारांचं गणित चूक नाही.

मान्य करायला जड जातं, पण २०२० च्या टाळेबंदीत काकांच्या पावतीपुस्तकांनी सोसायटी सांभाळली. समितीकडे सदनिकाधारकांची यादी होती. घरात प्रत्यक्ष कोण राहतं ते तिच्यात नव्हतं. काकांच्या स्थळप्रतींच्या मागे सगळं होतं. ‘४०३. आजी एकट्या. मुलगा रात्रीच फोन उचलतो.’ ‘१०५. इन्सुलिन फ्रिजच्या दारात.’ ‘६०२. भांडण चालू, रुपया नंतर.’ वर्षानुवर्षं सुट्या पैशांची वाट बघत लोकांच्या सोफ्यांवर बसल्याचं ते फळ होतं. पोरांनी त्या प्रतींवरून औषधं आणि दूध पोचवलं. एका दारात आजींनी पिशवी घेताना रुपया पुढे केला. गेल्या गणपतीचा राहिला होता म्हणाल्या.

आणि मग गेल्या वर्षी चेक आला. प्रभागातल्या एका भावी नगरसेवकांनी उत्सवासाठी दोन लाख रुपये एकरकमी दिले. समितीला हायसं वाटलं. वडे नकोत, फेऱ्या नकोत, बेल नको. कंत्राटदाराने मांडव घातला, ऑर्केस्ट्रा आणला, लोकांनी गॅलरीतून व्हिडिओ काढले आणि दारं लावून घेतली. काका तिसऱ्या रांगेत बसले होते; पावतीपुस्तक मांडीवर, आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या. दुसऱ्या दिवशी ते भावी नगरसेवकांच्या संपर्क कार्यालयात गेले आणि वरचा रुपया मागितला. तिथल्या मुलाने आधी अर्ज लिहायला सांगितलं, मग दोन फोटो.

उत्सव संपल्यावर मांडवाचे आठ फ्लेक्स कचऱ्यात निघाले होते. प्रत्येकावर नमस्कार करणारे साहेब, एक मजला उंच. काकांनी ते धुऊन घेतले, वहिनींना शिलाई मशिनी काढायला लावल्या आणि पिशव्यांची विक्री लावली. नुसतं निळं आकाश आलेली पिशवी एकवीस रुपये. कान आलेली एकतीस. मिशीची एकावन्न, आणि जोडलेले हात पुरे उतरलेल्या चारच निघाल्या, त्यांना मालवणी गृहस्थांनी आपणहून बोली लावली. नऊ वाजता सगळी सोसायटी आवारात उभी होती. मिशी कुणाला मिळाली आणि हनुवटी कुणाला, यावरून मोठ्याने वाद चालले होते. संपर्क कार्यालयातला तोच मुलगा धावत आला. साहेबांचा चेहरा असलेल्या सगळ्या पिशव्या त्याला एकदम हव्या होत्या, पैसे म्हणाल तितके. काकांनी त्याला माणशी एकच असा नियम सांगितला आणि रांगेच्या शेवटी उभं केलं.