चकची आखूड चावी

लाकूडकामाच्या लेथवरील चकची चावी म्हणजे टोकाशी चौकोनी किंवा षटकोनी दांडा आणि वर आडवी मूठ. चकसोबत येणारी चावी बहुधा आखूड असते. गिऱ्हाईक परातीएवढा कटोरा कातणारच नाही, असा त्यामागे विश्वास दिसतो. कटोरा रुंद असला की मूठ त्याच्या बुडाला अडते आणि बोटांची सालपटे निघतात.

लांब चावी करून घ्यायची तर तलासरीकराला आच्छाडपाशी गुजरातची सीमा ओलांडली की उंबरगावची औद्योगिक वसाहत गाठता येते. नाहीतर स्वस्त इलाज घरच्या घरी: अ‍ॅलन चावीचा वाकडा भाग कापावा, सरळ दांड्याला आडवी मूठ वेल्डिंगने जोडावी.

मात्र लांबवायचा तो दांडा, मूठ नव्हे. लांब मुठीने जोर वाढतो आणि चकच्या आतले दाते झिजतात. चावी चकमध्येच विसरून लेथ सुरू केल्यास ती उडून बरीच लांब जाते. लांब चावीची हौस मात्र अशी फेडू नये.