काच टिचली, कागद जोडा

पुढं कोळशाचा टिप्पर असला की चंद्रपूरकडचा कारवाला रस्ता कमी आणि टिप्परची ताडपत्री जास्त बघतो. घुग्गुस, राजुरा, बल्लारपूर, कुठंही जा, तेच. तिकडं गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज भरलेल्या ट्रकांनी आलापल्ली-आष्टीचा रस्ता वर्षानुवर्षं दळून काढला. कुठल्यातरी चाकाखालून खडा उडतो, ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुढच्या काचेवर नखाएवढा तारा उमटतो. मालक गाडी बाजूला घेतो, टिप्परवाल्याच्या खानदानाबद्दल चार शब्द बोलतो आणि पुढं निघतो. मग दर खड्ड्याला त्या ताऱ्याला एकेक पाय फुटत जातो.

या ताऱ्यांवर पोट भरायचं एखाद्यानं मनावर घेतलं, तर त्याचं काय होईल? असा एक गडी डोळ्यांसमोर आणू. त्याला नुसतं भाऊ म्हणू. या दोन जिल्ह्यांत अनोळखी पुरुषाचं तसंही तेच नाव असतं. भाऊकडं एक जुना छोटा हत्ती, एक पेटी, एक दिवा आणि अमाप उत्साह आहे. दुकान नाही. जिथं काच टिचली तिथं भाऊ हजर, असा धंदा.

धंदा खोटा नाही. गाडीची पुढची काच म्हणजे खरं तर दोन काचा आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेला प्लास्टिकचा पापुद्रा; १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढं अशीच काच लागते. खड्यानं टिचते ती बहुधा बाहेरची. त्या फटीत हवा शिरते आणि ती चमकायला लागते. भाऊ काचेवर रबरी चूषकांचा छोटा पूल चिकटवतो, मधोमध पिचकारी आवळतो, फटीतली हवा ओढून घेतो आणि राळेसारखं पातळ रसायन आत दाबतो. ताऱ्याचा एकेक पाय पुसट होत दिसेनासा होतो, तेव्हा गाडीचा मालक श्वास रोखून बघत असतो. मग वरून अतिनील दिवा, पात्यानं खरवडणं, फडक्यानं पुसणं. झालं.

विम्याचं गणितही भाऊच्या बाजूचं आहे. काचेवर विमा कंपनी घसारा कापत नाही हे खरं, पण साध्या कारच्या दाव्यात पहिले १,००० रुपये मालकाच्याच खिशातून जातात. शिवाय वर्षानुवर्षं दावा न केल्यामुळं ५० टक्क्यांपर्यंत चढलेली बोनसची सवलत एका खड्यापायी खाली येते. बुजवणं स्वस्त पडतं. गिऱ्हाईक आहे, हुन्नर आहे, आता राहिले फक्त कागद.

पहिला कागद सोपा. महाराष्ट्रात २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणं मोजकेच कामगार असले की परवाना लागत नाही, नुसतं कळवायचं. लोक अजून त्याला गुमास्ताच म्हणतात. भाऊ ऑनलाइनवाल्याकडं जातो. संगणक विचारतो, आस्थापनेचा पत्ता. भाऊ म्हणतो, चाकांवर. ऑनलाइनवाला मान वर न करता म्हणतो, “घरचाच टाकून देऊ जी.” कामगारांची संख्या? “मीच हावो.” मालक? “तोबी मीच.” उद्यम नोंदणी तर आधार नंबर टाकला की फुकट होते, फक्त त्यात धंद्याचा कोड निवडावा लागतो. तिथं मोटारींची देखभाल-दुरुस्ती असं एकच मोठं गाठोडं आहे. ट्रकचं इंजिन उतरवणारा आणि नखाएवढा तारा बुजवणारा, दोघं त्याच गाठोड्यात.

गाडीचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मध्ये एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिटातून सूट आहे. त्यामुळं छोटा हत्ती सुटला. मोठे हत्ती तर कुणाला विचारतच नाहीत. २०२१ मध्ये ओडिशाकडचा रानहत्तींचा कळप छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत उतरला, तो कागदाविनाच. भाऊला मात्र विमा, फिटनेस, पीयूसी जवळ ठेवावं लागतं, आणि मागच्या बाजूला जनरेटर कायमचा ठोकून बसवायचा विचार आला की आधी आरटीओ आठवावा लागतो. दुकानाची पाटी देवनागरीत हवी, इतर लिपीतली अक्षरं तिच्याहून मोठी नकोत. कायद्यात २०२२ मध्ये केलेल्या दुरुस्तीनंतर एकट्या माणसाचं दुकानही यातून सुटत नाही. जीएसटी सेवेच्या धंद्याला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. भाऊ तिथवर पोचायचा तर दोन्ही जिल्ह्यांतल्या काचा एकाच उन्हाळ्यात टिचायला हव्यात. पण खाणीवरचा ठेकेदार म्हणतो, “जीएसटीचं बिल द्या, नाही त पैसे निघत नाही.”

खरी पंचाईत सावलीची. चंद्रपूरचा मे महिना पारा ४७ अंशांच्या घरात नेतो. त्या उन्हात अतिनील दिव्याची गरजच नाही, सूर्यच दिवा. रसायन फटीत शिरायच्या आधीच घट्ट होऊन बसतं. म्हणजे गाडी झाडाखाली हवी. आणि झाड कुणाचं? राष्ट्रीय महामार्गाच्या कडेचं असेल, तर महामार्गाची जमीन अडवण्याविरुद्ध २००२चा स्वतंत्र कायदा आहे. शहरातलं असेल तर पथविक्रेत्यांचा २०१४चा कायदा. त्यातल्या व्याख्येत जागोजागी हिंडून लोकांना सेवा देणाराही पथविक्रेता धरला आहे. म्हणजे नगर पथविक्रेता समितीपुढं पाणीपुरीवाला, चाव्या बनवणारा आणि भाऊ एकाच रांगेत. पाणीपुरीवाल्याला निदान चौक ठरलेला असतो. भाऊचं गिऱ्हाईक कुठं टिचेल ते टिप्पर ठरवतो.

झाड जंगलातलं निघालं तर विषयच वेगळा. ताडोब्यात आत एखाद्याची काच टिचली, तर वन्यजीव कायद्याचं कलम २८ उघडावं लागतं. अभयारण्यात शिरायला परवाना कशासाठी मिळतो, त्याची तिथं यादी आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि शेवटी, आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. भाऊ या शेवटच्या खान्यात बसतो. अडचण एवढीच, की जामणी, नवेगाव ही आतली गावं कधीच बाहेर नेऊन वसवली. आता जे कायमचे रहिवासी उरलेत, त्यांच्याकडं गाड्या नाहीत. मोहर्लीच्या गेटाबाहेर उभं राहणं शहाणपणाचं.

तसं या मुलखाला पासाचं महत्त्व कुणी शिकवायला नको. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला आपल्याच जंगलातला बांबू विकण्यासाठी वाहतूक पासाचं पुस्तक हातात पडायला २७ एप्रिल २०११ उजाडला; ते द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले होते. आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू हा वृक्ष नव्हे, एवढं कायद्यानं मान्य करायला आणखी सहा वर्षं गेली. गवतावर एवढा विचार झाला, तर काचेच्या माणसानं घाई का करावी?

घाई करू नये, पण पेटीतली बाटली लपवावी. काच बुजवण्याआधी पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, आणि लेबलावर ते मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. चंद्रपुरात हरकत नाही, तिथली दारूबंदी २०१५ला आली आणि २०२१ला उठली. व्याहाड मागं टाकून वैनगंगेचा पूल ओलांडला की मात्र गडचिरोली, १९९३पासून कोरडा जिल्हा. समजा, तिथं गाडी थांबवली.

“हे काय होय?”

“काच पुसाचं औषध, साहेब.”

“अल्कोहोल लिहून हाय नं.”

“पेलं त माणूस मरते, साहेब.”

“हेच सगळे म्हणतेत.”

भाऊ गुमास्ता दाखवतो, उद्यम दाखवतो, पीयूसी दाखवतो. बाटलीबद्दल त्यातल्या एकाही कागदात ओळ नाही.

या सगळ्या सोपस्कारात एक प्रश्न कुणीच विचारत नाही: तुला काच बुजवता येते का? पत्ता, वजन, पाटीची लिपी, उभं राहायची जागा, सगळ्याला कलम आहे. हाताला नाही. काच बुजवायचा म्हणून वेगळा परवाना कायद्यात सापडत नाही. ज्या ताऱ्यावर रात्री समोरच्या गाडीचा उजेड फुटून डोळे दिपतात, तो नीट बुजला की नुसता चोपडला, हे तपासणारा कुणी नाही.

त्यामुळंच भाऊचा खरा प्रतिस्पर्धी पानठेल्यावर खर्र्याच्या पुड्यांशेजारी लटकलेला असतो: पाच रुपयांचं फेविक्विक. गाडीवाला आधी ते पिळून बघतो. फट वरून बंद होते, आतली हवा आतच राहते आणि वर पांढरट डाग धरतो. मग तो भाऊला फोन करतो. भाऊ येतो, बोटानं चाचपतो, म्हणतो, “आता रसायन आत जात नाही जी. पुरी काचच बदला लागन.” गाडीवाला त्याला खालून वर बघतो आणि विचारतो, “लायसन हाय का तुमच्यापाशी?”

भाऊ प्लास्टिकच्या पिशवीतून सगळी फाईल काढतो. गाडीवाला एकेक कागद उलटतो, गुमास्त्यावर थांबतो.

“हे त पानठेलेवाल्यापाशीबी हाय,” तो म्हणतो.